फिरतीची नोकरी आणि घर: निघण्याआधी, दौऱ्यावर आणि परतल्यावर कोणते काम कोणत्या क्रमाने करावे

बियाणे कंपनीचा प्रतिनिधी, औषध कंपनीचा एमआर, ट्रकचालक, मोबाईल टॉवरचा तंत्रज्ञ, बचत गटांना प्रशिक्षण देण्यासाठी गावोगाव मुक्काम करणारी ताई, अशा सगळ्यांच्या घरी साधारण एकच क्रम चालतो. दौरा ठरतो, बॅग भरली जाते, हजार-दोन हजार रुपये हातावर ठेवले जातात आणि चप्पल पायात सरकवताना घरच्यांना परतीचा वार सांगितला जातो. मी स्वतः १४ वर्षे बियाण्यांच्या विक्रीसाठी यवतमाळ, वाशीम, अकोला आणि गडचिरोली या जिल्ह्यांत फिरलो आणि त्यांपैकी पहिली ५-६ वर्षे हाच उलटा क्रम पाळत होतो. घर दौऱ्याच्या दिवसांत बिघडते असे आपल्याला वाटते. माझ्या अनुभवात मात्र बहुतेक बिघाड निघण्याच्या आधीच्या दोन दिवसांत आणि परतल्यानंतरच्या पहिल्या संध्याकाळी झालेला असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. विशेषतः पहिले दोन टप्पे गाळून तिसऱ्यावर उडी मारू नये.

टप्पा १: बाहेरच्या रात्री मोजा

भिंतीवरचे कालनिर्णय उतरवून घ्यावे आणि मागील तीन महिन्यांची पाने उघडावीत. ज्या रात्री आपण घरी झोपलो नाही त्या तारखेभोवती गोल करावा. ज्या दिवशी मुक्काम घरीच होता, पण लेकरू उठण्याआधी निघालो आणि ते झोपल्यावर परतलो, त्या तारखेवर फुली मारावी. पुष्कळजण फक्त मुक्काम मोजतात आणि 'महिन्यात आठच रात्री बाहेर असतो' असे सांगतात. लेकराच्या हिशेबात मात्र फुलीचा दिवसही तुम्ही नसल्याचाच दिवस असतो.

त्यानंतर पुढील सहा महिन्यांच्या पानांवर घराची आणि वावराची कामे लिहावीत. खरिपाची पेरणी, विदर्भातल्या शाळांची जूनअखेरची सुरुवात (उन्हामुळे आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, हे पुण्या-मुंबईच्या कार्यालयातून दौरा आखणाऱ्या साहेबांना ठाऊक नसते), पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, महालक्ष्म्या, दसऱ्याच्या आसपासची सोयाबीनची सोंगणी, दिवाळीनंतरची कापूस वेचणी, मुलांच्या परीक्षा आणि लहान बाळ असल्यास लसीकरणाच्या तारखा त्यात याव्यात. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नऊ महिने आणि पुढे दीड वर्षाच्या सुमाराच्या लसी माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेल्या असतात, तेथूनच त्या उतरवून घ्याव्यात.

*तपासणी:* ज्या आठवड्यांत दौरा, शेतीचे काम आणि मुलांचे काम ही तिन्ही एकत्र येतात, ते आठवडे वेगळ्या रंगाने दाखवावेत. असे आठवडे सहा महिन्यांत सहसा चार-पाचच निघतात आणि वर्षभराची बहुतेक भांडणे त्याच आठवड्यांत होतात. पुढची सर्व तयारी मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

टप्पा २: आधी नवरा-बायकोने बसायचे, मग इतरांना सांगायचे

एकत्र कुटुंबात होणारी सर्वांत नेहमीची चूक येथे आहे. मुलगा फोनवर आईला सांगतो, 'मंगळवारी गडचिरोलीला चाललो', आणि बायकोला ते चुलीपाशी सासूच्या तोंडून कळते. दौरा दोन दिवसांचा असो की दहा, तो सर्वांत आधी जोडीदाराला सांगितला गेला पाहिजे आणि तोही मुले झोपल्यानंतर, टप्पा १ मधील कालनिर्णय समोर ठेवून.

या बैठकीत तीनच गोष्टी ठरवाव्यात.

पहिली, न हलणाऱ्या तारखा. सहा महिन्यांत पाच किंवा सहापेक्षा जास्त तारखा धरू नयेत, कारण वीस तारखा धरणारा माणूस शेवटी एकही पाळत नाही. माझ्या घरात तान्हा पोळा ही अशी तारीख होती. लाकडी बैल घेऊन लेकरू ज्या दिवशी गावभर मिरवते त्या दिवशी त्याच्यामागे चालायला बाप असावा, असे माझ्या पत्नीने ठरवले होते आणि ते योग्यच होते. ठरलेल्या तारखा वरिष्ठांना दोन-अडीच महिने आधी लेखी कळवाव्यात. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधीच उघडते, त्यामुळे वर्धा किंवा बडनेऱ्याला उतरवणारे दिवाळीचे परतीचे तिकीट नेमके त्या दिवशी काढता येईल इतकी तरी निश्चिती त्याआधी हवी.

दुसरी, निर्णयाची मुभा. घरी राहणाऱ्याने न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च करावा, मजुरांचा चुकारा कोणत्या दराने द्यावा, लेकरू आजारी पडल्यास गावातल्या डॉक्टरकडे थांबावे की थेट तालुक्याला न्यावे, पाहुणे आल्यास काय, हे आकड्यांनिशी ठरवून वहीत लिहावे. मुभा दिलेल्या निर्णयाबद्दल नंतर 'असे का केले' हा प्रश्न विचारायचा नाही, ही अटही त्याच पानावर लिहावी.

तिसरी, घरातल्या मोठ्यांना कोण सांगणार. याचा नियम सोपा आहे: ज्याचे आई-वडील, त्याने सांगावे. फिरतीवर बायको असेल तर हा नियम दुप्पट महत्त्वाचा ठरतो. 'सूनबाई रात्री बाहेर मुक्कामाला राहते' हे सासू-सासऱ्यांना समजावण्याचे काम सुनेवर टाकून पानठेल्यावर निघून जाणारे नवरे मी पाहिले आहेत. असा दौरा पहिल्याच महिन्यात घरात वादाचा विषय होतो आणि पुढे नोकरीच सुटते.

*सावधान:* ही बैठक निघण्याच्या आदल्या रात्री घेऊ नये. त्या रात्री एकाचे लक्ष बॅगेत असते आणि दुसऱ्याच्या मनात राग असतो. किमान पाच दिवस आधी बसावे.

टप्पा ३: मोबाईल, पैसा आणि कागद

येथे मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण गावात राहणाऱ्या कुटुंबाची खरी अडवणूक येथेच होते.

*ओटीपीचा प्रश्न.* पीकविमा, शेतकरी ओळखपत्र, रेशनकार्डाची केवायसी, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. गावातल्या अनेक घरांत बायकोच्या, आई-वडिलांच्या आणि मुलांच्याही आधारला नवऱ्याचाच क्रमांक जोडलेला असतो आणि तो क्रमांक नवऱ्याबरोबर दौऱ्यावर जातो. एकदा माझी पत्नी सेतू केंद्रावरच्या रांगेत तीन तास उभी होती आणि मी एटापल्लीच्या पुढे, मोबाईलला रेंज नसलेल्या भागात होतो. मुदतीचा शेवटचा दिवस होता आणि तो तसाच गेला. त्यानंतर आम्ही जी व्यवस्था केली ती अशी: पत्नीच्या आधारला तिचा स्वतःचा क्रमांक जोडला, माझ्या, आई-वडिलांच्या आणि मुलांच्या आधारचा क्रमांक असलेले सिम साध्या फोनमध्ये टाकून तो फोन घरी ठेवला, आणि माझ्या बँकेला जोडलेला क्रमांक वेगळा करून तो खिशात ठेवला. आधारला जोडलेला मोबाईल क्रमांक बदलताना ज्याचे आधार त्याला स्वतः हजर राहावे लागते, म्हणून हे काम दौरा नसलेल्या आठवड्यातच उरकावे.

*सावधान:* घरी ठेवलेल्या सिमचा रिचार्ज संपू देऊ नये. सलग ९० दिवस न वापरलेला क्रमांक बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. तसेच ओटीपी फक्त जोडीदाराला किंवा डोळ्यांसमोर बसून अर्ज भरणाऱ्यालाच सांगायचा. 'बँकेतून बोलतो' म्हणणाऱ्या कोणालाही नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रत्येक दौऱ्याआधी पुन्हा सांगावे.

*पैसा.* हातावर रोख ठेवणे पुरेसे नाही. दोघांच्या नावे संयुक्त खाते असावे आणि दोघांपैकी कोणालाही एकट्याच्या सहीने पैसे काढता येतील असा पर्याय अर्जात निवडलेला असावा. दोघांच्या सह्या लागणारे खाते फिरतीच्या घरात निरुपयोगी ठरते. घरखर्चाची रक्कम दौऱ्याच्या आदल्या दिवशी न टाकता पगाराच्या दिवशीच त्या खात्यात वळती करावी. मागण्याची पाळी आली की खर्चाचा हिशेब नवरा-बायकोच्या नात्यात शिरतो. रस्त्यावर असणाऱ्याने प्रधानमंत्री सुरक्षा विमा (वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाख) आणि जीवनज्योती विमा (वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख) हे दोन्ही घ्यावेत आणि त्यांचा हप्ता मे महिन्याच्या अखेरीस कापला जातो म्हणून तेव्हा खात्यात शिल्लक ठेवावी. रक्कम फार मोठी नाही, पण आपल्या भागातल्या फिरतीच्या अनेक नोकऱ्यांत कंपनी दुसरे काहीही देत नाही.

*कागद.* एका पिशवीत सर्वांच्या आधारच्या प्रती, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचे पासबुक, माता-बाल संरक्षण कार्ड, आयुष्मान कार्ड, विम्याचे कागद आणि गाडीचे कागद ठेवावेत. पिशवी कोठे आहे हे जोडीदाराशिवाय आणखी एका व्यक्तीला ठाऊक असावे.

*वावर.* ज्यांच्याकडे ओलीत आहे त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना आहे. शेतीपंपाची वीज अनेक ठिकाणी काही आठवडे दिवसा आणि काही आठवडे रात्री येते. रात्रीच्या पाळीत हरभऱ्याला पाणी द्यायला बायकोला किंवा म्हाताऱ्या वडिलांना एकटे जावे लागेल असा दौरा घेतला असल्यास, पाणी देणारा माणूस मजुरीवर आधीच ठरवून त्याला आगाऊ पैसे द्यावेत. 'शेजारचा देईल पाणी' या भरवशावर निघू नये.

*तपासणी:* निघण्यापूर्वी एक दिवस स्वतःचा मोबाईल बंद करून पाहावा. त्या दिवसभरात घरचे कोणते काम अडते, ते लिहावे. जे अडले, ते या टप्प्यात करायचे राहून गेलेले आहे.

टप्पा ४: तीन माणसे

'काही लागले तर गाव आहेच' असे म्हणणे सोपे असते, पण रात्री दोन वाजता गाव येत नाही, कोणी तरी एक माणूस येतो. तो कोण, हे नावानिशी ठरलेले असावे. एक, हाकेच्या अंतरावर राहणारी आणि घरात बिनदिक्कत येऊ शकणारी बाई. दोन, ज्याच्याकडे चारचाकी आहे आणि जो रात्री उठेल असा माणूस. तीन, शाळेतून किंवा कॉन्व्हेंटमधून लेकराला घेऊन येऊ शकेल अशी व्यक्ती, जिचे नाव शाळेत आधीच दिलेले असेल. तिघांना प्रत्यक्ष भेटून, तारखा सांगून विचारावे. चारचाकीवाल्याला डिझेलचे पैसे आधीच द्यावेत. उपकार म्हणून मागितलेली गाडी दुसऱ्यांदा मिळत नाही.

चुलीजवळच्या भिंतीवर या तिघांचे क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८, गर्भवती आणि बाळंतिणीसाठीचा १०२ आणि कोणत्याही आपत्तीसाठीचा ११२ हे मोठ्या अक्षरांत लिहावेत. त्याखाली सर्पदंशाबद्दल दोन ओळी लिहाव्यात, कारण पावसाळ्यात आपल्याकडे ही भीती खरी आहे: चावलेला भाग हलवू नये, करकचून बांधू नये, चिरा देऊ नयेत, मांत्रिकाकडे जाऊ नये, आणि सर्पविषावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट न्यावे. आपल्या घरापासून अशी लस असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे पावसाळ्याआधी स्वतः जाऊन विचारून त्याचे नावही तेथेच लिहावे.

टप्पा ५: निघण्याचा दिवस

लेकरू झोपेत असताना गुपचूप निघणे ही बहुतेक बापांची आणि काही आयांचीही सवय आहे. 'रडेल बिचारे' हे त्याचे कारण सांगितले जाते. रडे आपल्याला सहन होत नाही, हे खरे कारण. सकाळी उठून माणूस गायब झालेला पाहिलेले लेकरू पुढच्या वेळी झोपायलाच तयार होत नाही. पहाटे चारची गाडी असल्यास आदल्या रात्री निरोप घ्यावा आणि 'तू उठशील तेव्हा मी गेलेला असेन' हे स्पष्ट सांगावे.

तीन वर्षांखालील मुलांना दिवस कळत नाहीत. त्यांच्यासाठी अंगावरचा एखादा रुमाल किंवा दुपट्टा घरी ठेवणे आणि झोपवण्याची वेळ न बदलणे एवढे पुरे. चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी चिंचोके वापरावेत. जितक्या रात्री बाहेर राहायचे तितके चिंचोके एका वाटीत ठेवावेत आणि रोज झोपताना लेकराने एक काढून ठेवावा. वाटीत नेहमी एक चिंचोका जास्त टाकावा. एक दिवस आधी आलेला बाप चालतो. वाटी रिकामी झाल्यावरही न आलेला चालत नाही. त्याहून मोठ्या मुलांना खरी तारीख, खरे गाव आणि खरे कारण सांगावे.

*सावधान:* 'उद्या येतो' हे शब्द उद्या येणार नसल्यास उच्चारू नयेत. मी ते सलग तीन दौऱ्यांत उच्चारले. चौथ्या वेळी मुलाने 'कधी येता बाबा?' असे विचारलेच नाही, आणि त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

टप्पा ६: दौऱ्यावर असताना

मुलांशी एक फोन आणि जोडीदाराशी दुसरा फोन, असे वेगळे करावेत. एकाच फोनवर सगळे उरकणाऱ्या घरांत नवरा-बायकोचे बोलणे 'जेवला का, झोपला का, गॅस आला का' एवढ्यावर येऊन थांबते. मुलांचा फोन त्यांच्या जेवणाआधी, ठरलेल्या वेळी, पाच-सात मिनिटांचा असावा. 'अभ्यास केला का' हा प्रश्न त्यात नको, त्याऐवजी आज शाळेत शेजारी कोण बसले होते हे विचारावे, म्हणजे पुढचे लेकरू स्वतःच सांगते. जोडीदाराचा फोन मुले झोपल्यावर. त्यात आधी ऐकावे. घरी राहिलेल्याने दिवसभर एकट्याने ओढलेले असते आणि लॉजवरच्या खराब जेवणाची तक्रार त्या वेळी कोणालाच ऐकायची नसते.

मेळघाट, भामरागड, कोरची अशा भागांत मुक्काम असल्यास 'दोन दिवस फोन लागणार नाही' हे निघण्याआधीच सांगावे आणि शक्य असल्यास तेथील एखाद्या दुकानदाराचा किंवा लॉजचा क्रमांक घरी द्यावा. फोन न लागण्याची भीती ही न सांगितल्यामुळेच असते.

*सावधान:* रविवारची सकाळ मुलांबरोबर मिळावी म्हणून शनिवारी दिवसभर काम करून रात्री गाडी हाकत घर गाठण्याचा मोह होतो. समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर डुलकी लागायला काही क्षण पुरतात. रात्री दहानंतर स्वतः गाडी चालवायची नाही, हा नियम बायकोला शब्द म्हणून द्यावा आणि पाळावा.

टप्पा ७: परत आल्यावरचे पहिले २४ तास

परत आलेला माणूस दारातूनच तपासणी सुरू करतो. मोटार चालू का ठेवली, वखर बाहेर का पडला, मुलाच्या वहीत लाल शेरे का, किराण्याचे बिल इतके कसे. त्याला वाटते आपण जबाबदारी घेतो आहोत. घरच्यांना मात्र आठवडाभर चाललेले घर एका क्षणात नापास झाल्यासारखे वाटते. म्हणून पहिले २४ तास एकही दोष काढायचा नाही. दिसेल ते वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी वाचावे. निम्म्या ओळी तेव्हा आपणच खोडतो.

क्रम असा ठेवावा. आंघोळ करावी, कारण एसटीचा आणि काळी-पिवळीचा प्रवास अंगावर घेऊन लेकराला उचलू नये. मग बॅग लगेच रिकामी करावी. बियाणे आणि कीटकनाशकांच्या क्षेत्रातील माणसांसाठी हे फार महत्त्वाचे आहे: औषधाच्या नमुन्याच्या बाटल्या बॅगेत राहतात, आणि बाबांनी काय आणले हे पाहायला लेकरू सर्वांत आधी तीच बॅग उघडते. नमुने घरात आणूच नयेत. आणलेच तर कुलपात. त्यानंतर लेकरासोबत अर्धा तास, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. खाऊ किंवा खेळणे प्रत्येक वेळी आणू नये; दोन-तीन दौऱ्यांतच लेकरू दाराकडे न धावता बॅगेकडे धावू लागते. जेवणानंतर जोडीदाराकडून आठवड्याची हकीकत ऐकावी. घराचा ताबा परत घेण्याची घाई करू नये. मुलाला शाळेत सोडणे, दूध आणणे, किराणा भरणे यांपैकी एक काम दुसऱ्या दिवसापासून पूर्णपणे आपल्याकडे घ्यावे आणि पुढच्या दौऱ्यापर्यंत सोडू नये.

घरी राहिलेल्याला त्या आठवड्यात एक दुपार पूर्ण मोकळी मिळाली पाहिजे: माहेरी जाण्यासाठी, आठवडी बाजारासाठी किंवा नुसते झोपण्यासाठी. ती दुपार तुम्ही मुलांसह घरी काढावी, आजीच्या भरवशावर टाकू नये.

*तपासणी:* शिस्तीच्या बाबतीत लेकरू 'आई नाही म्हणाली, बाबा तुम्ही हो म्हणा' असे विचारते का? विचारत असल्यास परत आलेल्याने पहिले तीन दिवस एकच उत्तर द्यावे: 'आई जे म्हणाली तेच.' आई फिरतीवर असेल तर 'बाबा जे म्हणाले तेच.'

टप्पा ८: दर सहा महिन्यांनी फेरहिशेब

संक्रांतीनंतर एकदा आणि पोळ्याच्या आसपास एकदा, टप्पा १ ची पाने पुन्हा काढावीत. गोल आणि फुल्या वाढल्या की कमी झाल्या ते मोजावे. त्याबरोबर प्रवास भत्त्याचा खरा हिशेब करावा: मिळालेल्या भत्त्यातून बाहेरचे जेवण, लॉज, पेट्रोल, घरी ठेवलेला पाणी देणारा मजूर, मुलांची शिकवणी आणि चुकलेल्या मुदतींचे नुकसान वजा करावे. माझ्या हिशेबात एका वर्षी दूरच्या दोन तालुक्यांचा भत्ता संपून वर पैसे गेले होते. ते तालुके मी वरिष्ठांना आकडे दाखवून सोडून दिले. 'घरी अडचण आहे' असे सांगितल्यावर साहेब ऐकत नाहीत, पण विक्री आणि खर्चाचा कागद समोर ठेवला की बोलणे होते.

याच वेळी एक मुक्काम कुटुंबासह ठरवावा. एसटीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि ५ ते १२ वर्षांच्या मुलांनाही अर्धे तिकीट लागते, त्यामुळे खर्च फारसा होत नाही. आपण ज्या गावांत फिरतो त्यांपैकी एखाद्या गावात बायको-मुलांना दोन दिवस न्यावे, ओळखीच्या दुकानदाराकडे चहा घ्यावा, ज्या लॉजवर राहतो ती खोली दाखवावी. माझ्या मुलीने पुसदचे बसस्थानक पाहिल्यानंतर फोनवर 'आज कोणत्या फलाटावर उतरलात?' असे विचारायला सुरुवात केली.